आधी फिरायचं की आधी नोटकार्ड वाचायचं? सेकंड लाइफमधली मांडणशिल्पं आणि त्यांचे कलाकार

निळी_शाई :

सेकंड लाइफ या इंटरनेटवरच्या त्रिमित आभासी जगात एखाद्या कलाकाराच्या सिमवर (म्हणजे तिथल्या जमिनीच्या तुकड्यावर) उतरलं की आजूबाजूचं जग आधी राखाडीच असतं. टेक्स्चर (वस्तूंवरचे रंग आणि पोत) यायची असतात, स्वतःचा अवतारसुद्धा, म्हणजे पडद्यावरची आपली आकृती, नुसता धुराचा लोळ असतो, आणि तेवढ्यात कोपऱ्यात खिडकी उघडते : अमुक आयडी तुम्हाला नोटकार्ड देत आहे, ठेवायचं की नाकारायचं? नोटकार्ड म्हणजे कलाकाराने कामाबद्दल लिहिलेली छोटी चिठ्ठी. काम दिसायच्या आत कामाचा अर्थ हातात पडतो. या नोटकार्डांबद्दल बोलायला हा धागा काढला आहे.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने २००३ साली हे जग खुलं केलं. इथे गुण नाहीत, पातळ्या नाहीत, जिंकायचं काही नाही. जमीन २५६ मीटर बाय २५६ मीटरच्या तुकड्यांत मिळते, त्याला रीजन म्हणतात, बोलताना सगळे सिमच म्हणतात. त्यावर जे काही उभं आहे ते राहणाऱ्यांनी बांधलेलं. काही कलाकार अख्खा सिम घेतात आणि आकाशाच्या रंगापासून पायाखालच्या गवतापर्यंत सगळं स्वतः ठरवतात. २०१० ते २०१९ या काळात लिंडन एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स नावाची योजना होती, तिच्यातून कलाकारांना काही महिन्यांसाठी सिम फुकट मिळायचे. माझं बरंचसं पाहणं तिथलंच.

माझं म्हणणं असं की नोटकार्डं दोन जातींची असतात. पहिल्या जातीत ‘अस्तित्व’, ‘स्मृती’, ‘अवकाश’, ‘प्रश्न उपस्थित करणे’ हे सगळं येतं. अशी चार कार्डं घ्या, त्यांवरची कामांची नावं आपापसांत बदला, कुणाला पत्ता लागणार नाही. दुसऱ्या जातीतलं कार्ड म्हणतं : इथे मध्यरात्र लावा, आवाज चालू ठेवा, उडू नका, त्या खुर्चीवर बसा आणि थांबा. लोकांना ही वापराची सूचना वाटते. मला तोच अर्थ वाटतो. खऱ्या शिल्पात दगडाचं वजन असतं, रंगाला वास असतो, दालनात गारवा असतो. इथे यातलं काही नाही. कलाकाराच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे येणाऱ्याने काय करायचं आणि त्याला काय करता येणार नाही.

दोन उदाहरणं देते. टोरांटोची ब्रिन ओ (हे तिच्या अवताराचं नाव, ती मुळात तैलरंगात काम करणारी) हिची ‘डॉटर ऑफ गिअर्स’, ‘रॅबिकॉर्न’ आणि ‘स्टँडबाय’ ही मालिका. मरणपंथाला लागलेल्या मुलीचा जीव आई एका यंत्रात घालते, तिथून गोष्ट सुरू होते. पण ती एका जागी सांगितलेली नाही. कवितेच्या ओळी, वस्तू, छोटी यंत्रं जागोजागी पेरलेली आहेत. धावत जाणाऱ्याला एक सुरेख गंजकं जग दिसतं, शोधणाऱ्याला गोष्ट सापडते. आपल्या ब्लॉगवर ती हे थर कसे रचते ते मोकळेपणाने लिहिते. गोष्टीचं तात्पर्य काय, यावर तिथे प्रवचन नसतं.

दुसरी गझिरा बाबेली. ही स्वतःला कोड परफॉर्मर म्हणवायची, म्हणजे प्रोग्रॅमच्या कोडमधून प्रयोग करणारी. तिच्या ‘सेकंड सूप’मध्ये कॅम्पबेल सूपचे (पॉप आर्टवाल्या अँडी वॉरहॉलने चितारलेले तेच) महाकाय डबे अवताराच्या मागे लागतात आणि त्याला आत कोंडतात. सोबतचा मजकूर एवढाच की तुम्हाला पॉप आर्ट आवडतं, पॉप आर्टला तुमचा तिटकारा आहे. माझ्या मते हे जगातलं सर्वोत्तम नोटकार्ड आहे.

तुम्ही काय पाहिलंय? कलाकाराने सांगितल्याने काम उघडलं की मिटलं? सेकंड लाइफच हवं असं नाही, व्हीआर (डोक्यावर यंत्र चढवून पाहायचं आभासी जग) वगैरेही चालेल.


फुकट_फौजदार :

लेख वाचला. भाषा छान, पण पटलं नाही. अर्थ सांगावा लागतो याचा अर्थ काम फसलं. आमच्या पेठेत गणपतीत हलता देखावा असतो. कर्ण्यावर निवेदक घसा फोडून सांगत असतो, ‘आणि तेवढ्यात महाराजांनी...’ एकदा ध्वनिफीत अडकली. खान तरीही वेळेवर मेला, पब्लिकने तरीही टाळ्या वाजवल्या.


कोपरखळी :

पब्लिकला गोष्ट पाठ होती म्हणून. शेजारी उभ्या असलेल्या जपानी पाहुण्याला विचारा, त्याला वाटलं असेल दोन भाऊ बऱ्याच वर्षांनी भेटले.


निळी_शाई :

कोपरखळी 😀 आणि मुद्दा तिथेच आहे. देखाव्यात निवेदन नसलं तरी चालतं, कारण निवेदन आपण घरून घेऊन आलेले असतो. सेकंड लाइफमध्ये शेजारी उभा असलेला अवतार ब्राझीलचा असतो नाहीतर पोलंडचा. कुणाचंच काही सामायिक पाठांतर नाही.


सायकलवाली :

सेकंड लाइफच्या कितीतरी आधीचं एक काम सांगते, धागाकर्तीच्या मुद्द्याला अगदी चपखल आहे. जेफ्री शॉचं ‘द लेजिबल सिटी’, १९८९. मी जर्मनीत राहते, कार्ल्सरूहेच्या झेडकेएम संग्रहालयात ते चालवलं आहे. हो, चालवलंच म्हणायचं. एक जागेवर रोवलेली सायकल, समोर मोठा पडदा. पेडल मारलं की तुम्ही मॅनहॅटनच्या रस्त्यांवरून जाऊ लागता. नकाशा खरा, रस्ते खरे, पण इमारतींच्या जागी उभी आहेत अवाढव्य त्रिमित अक्षरं. शब्द, वाक्यं. हँडलजवळ एक लहान पडदा, त्यावर तुम्ही कुठे आहात ते दिसतं.

हा मजकूर म्हणजे काल्पनिक स्वगतं आहेत : न्यूयॉर्कचे महापौर कॉच, वास्तुकार फ्रँक लॉइड राइट, एक टॅक्सीवाला, एक भामटा, आणि (१९८९ साली!) डोनाल्ड ट्रम्प. प्रत्येकाचा रंग वेगळा. एकच रंग धरून गेलात तर एकाची गोष्ट वाचून होते. चौकात वळलात की दुसऱ्याचं वाक्य मध्ये घुसतं आणि भामट्याचं बोलणं महापौराच्या तोंडी जातं. पुढे ॲम्स्टरडॅम आणि कार्ल्सरूहेच्याही आवृत्त्या झाल्या.

शॉचं स्पष्टीकरण साधं आहे. या शहरातून फिरणं हे वाचन आहे, आणि कुठल्या रस्त्याला लागायचं हे ठरवणं म्हणजे कुठला मजकूर आणि कुठला योगायोग स्वीकारायचा ते ठरवणं. सायकलवर बसण्याआधी हे वाचलं तेव्हा मला कंटाळवाणं वाटलं होतं. उतरल्यावर मांड्या भरून आल्या होत्या आणि तेच वाक्य खरं वाटत होतं. चढावर पोचल्यासारखं वाटतं तेव्हा माणूस चक्क छोटे शब्द शोधतो.

आणि हो, याच शॉने सारा केंडरडाइनबरोबर २००६ मध्ये ‘प्लेस-हम्पी’ केलं. गोल पडद्याच्या आत फिरत्या चौथऱ्यावर उभं राहायचं, डोळ्यांना त्रिमित चष्मा, आणि भोवती विजयनगरचे अवशेष. त्यात मध्येच देवदेवता चालत्याबोलत्या होऊन येतात. तिथे स्पष्टीकरणाचा भाव असा होता की हम्पी हे नुसतं भग्न शहर नाही, तिथे आजही पूजा होते, त्यामुळे ते रिकामं दाखवणं खोटं ठरलं असतं. हे मला शंभर टक्के पटलं. विरूपाक्षाच्या देवळात सकाळी गेलेल्या कुणालाही पटेल.


फुकट_फौजदार :

सायकल आणि हम्पी दोन्ही मान्य. यंत्र आहे, जागा आहे, पायात गोळे आहेत. पण सेकंड लाइफमध्ये खुर्चीत बसून बाण दाबायचे, त्याला ‘करणं’ म्हणायचं हे जरा अतीच.


निळी_शाई :

या आक्षेपावर एका माणसाने फार हट्टी उत्तर दिलेलं आहे. जोसेफ डिलॅप, अमेरिकन कलाकार. १२ मार्च ते ६ एप्रिल २००८, म्हणजे दांडीयात्रेच्याच तारखांना, त्याने न्यूयॉर्कच्या आयबीम या कलासंस्थेत एक ट्रेडमिल संगणकाला जोडली. आपण पाऊल टाकलं तरच अवतार पाऊल टाकणार अशी जोडणी. अवताराचं नाव एमगांधी चक्रबर्ती : पंचा, काठी, चष्मा. आणि तो २६ दिवसांत २४० मैल सेकंड लाइफमधून चालला. वाटेत जे अवतार भेटले त्यांच्याशी बोलत. नंतर त्याच त्रिमित आकृतीवरून त्याने पुठ्ठ्याचा १७ फुटी गांधी बनवला. उंची मुद्दाम तेवढी, मायकेलअँजेलोच्या डेव्हिड या पुतळ्याइतकी.

खुर्चीत बसून बाण दाबणं नको म्हणूनच ही सगळी उठाठेव.


निवृत्त_मास्तर :

निळीताई, धागा उत्तम. सहसा मी वाचून पुढे जातो, पण दांडीचं नाव आलं म्हणून लिहितो आहे. मी इतिहास शिकवायचो.

दांडीयात्रा म्हणजे २४० मैल चालणं नव्हे. चालणं हा तिचा सर्वांत सोपा भाग. साबरमतीहून निघालेल्या तुकडीत गांधीजींनी निवडलेले ७८ सत्याग्रही होते. त्यात आपले पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, विष्णु दिगंबरांचे शिष्य, आश्रमातल्या प्रार्थनांना सूर देणारे. मुक्कामाच्या गावी सभा होत होत्या, गावचे पाटील सरकारला राजीनामे देत होते, देशोदेशींची वर्तमानपत्रं रोज वाट पाहत होती. व्हाइसरॉयला आधी पत्र लिहून कळवलेलं होतं. आणि ६ एप्रिलला चिमूटभर मीठ उचललं तो कायदेभंग. त्याचं लोण मग आपल्याकडे वडाळ्याला, विलेपार्ल्याच्या छावणीत, खाली शिरोड्याला पोचलं, लाठ्या खाल्ल्या गेल्या.

हे सगळं वजा करून एक माणूस वातानुकूलित खोलीत पट्ट्यावर चालतो. त्याने कोणता कायदा मोडला? कोणाला आधी कळवलं? त्याच्या मागे भजन कोण म्हणत होतं? तुमच्या नोटकार्डाच्या भाषेत सांगायचं तर ‘येणाऱ्याने काय करायचं’ यातलं मुख्य क्रियापदच गळालं आहे. मीठ उचलणं.

राग नाही. पण नक्कल करायची तर कशाची, हे आधी ठरवायला हवं.


कोपरखळी :

मास्तर फॉर्मात. सर, वर्गात मागच्या बाकावर जागा आहे का?


मुक्काम_मॉन्ट्रियल :

मास्तरांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मीठ उचलण्याचा मुद्दा बिनतोड आहे. तरी डिलॅपच्या बाजूने थोडं बोलतो. सेकंड लाइफमध्ये कोणीच चालत नाही. उडता येतं, आणि टेलिपोर्ट केलं की क्षणात कुठेही. ते जग विकलंच जातं या सोयीवर. तिथे रोज तासन्‌तास पायी जाणं ही सोय नाकारणं आहे, आणि नाकारणं गांधींना नवं नव्हतं. कायदा मोडला नाही हे मान्य. पण जी सवय लावली जाते ती मोडली.

शिवाय तो २००६ पासून आणखी एक काम करत होता ते पाहा, मग हा माणूस कुठून आला ते कळतं. ‘अमेरिकाज आर्मी’ हा अमेरिकन लष्कराने स्वतःच्या भरतीसाठी काढलेला फुकट ऑनलाइन गेम. डिलॅप त्यात ‘डेड-इन-इराक’ या नावाने शिरायचा, बंदूक खाली टाकायचा आणि चॅटमध्ये इराकमध्ये मेलेल्या अमेरिकन सैनिकांची नावं टंकत राहायचा. नाव, वय, दल, मृत्यूची तारीख. बाकीचे खेळाडू त्याला गोळ्या घालायचे, शिव्या द्यायचे. परत जिवंत झाला की पुढचं नाव. चार हजारांवर नावं झाली.


निवृत्त_मास्तर :

हे दुसरं काम ऐकून मी गप्प झालो. याला सत्याग्रह म्हणायला माझी हरकत नाही. स्थळ योग्य, प्रतिपक्ष समोर, मार खायची तयारी, आणि शस्त्र टाकलेलं. विशेष म्हणजे इथे कुठेही गांधींचा पंचा नाही.

यात्रेबद्दल माझं मत कायम आहे.


मुक्काम_मॉन्ट्रियल :

😀 ठेवा कायम. आता माझ्या गावचं सांगतो.

चार (Char) डेव्हिस या कलावतीचं ‘ऑस्मोज’ १९९५ साली इथल्या समकालीन कला संग्रहालयात मांडलं गेलं. व्हीआरवर बोलणाऱ्या प्रत्येकाने ते वाचलंय, अनुभवलेले फार थोडे. डेव्हिस ही चित्रकार, आणि सॉफ्टइमेज या त्रिमित सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी. तिच्या कामात हातात जॉयस्टिक नाही, मोजे नाहीत. डोक्यावर हेल्मेट आणि छातीभोवती एक जाकीट, ते तुमचा श्वास मोजतं. श्वास घेतलात की वर तरंगता, सोडलात की खाली जाता. वाकलात की त्या दिशेला सरकता. एक झाड, एक तळं, मुळांखालची माती, पानाच्या आतली बाजू, आणि सगळ्यांच्या तळाशी ज्या कोडवर हे चाललंय त्या कोडच्या ओळी.

आता तिचं स्पष्टीकरण. ती पाणबुडी होती, म्हणजे स्कूबा डायव्हिंग करायची. पाण्यात खोलवर गेलेला माणूस श्वासानेच वरखाली होतो. ती सांगायची की आभासी जगात हात पुढे करून वस्तू पकडायच्या, गोळ्या झाडायच्या, वेगाने पळायचं ही सगळी ताबा मिळवण्याची भाषा आहे, आणि तिला निसर्गावर ताबा नको होता. म्हणून नियंत्रण हातातून काढून फुप्फुसात नेलं. सुमारे पंधरा मिनिटांनी ते जग आपोआप दूर जात संपतं. बाहेर बसलेल्या प्रेक्षकांना आत गेलेल्या माणसाची फक्त सावली दिसते, एका अर्धपारदर्शक पडद्यावर, हळूहळू डोलणारी.

इथे मला धागाकर्तीचं म्हणणं शब्दशः पटतं. डेव्हिसने त्या कामावर भरपूर तात्त्विक लेखनही केलंय, त्यात दाट पानं आहेत. पण ‘श्वास सोडलात की खाली जाल’ हे एक वाक्य त्या सगळ्यावर भारी पडतं.


वीटभट्टी :

बराच वेळ वाचनमात्र होतो. सगळे एका सुरात ‘शरीर शरीर’ करायला लागले म्हणून लॉगिन केलं.

व्यवसायाने वास्तुविशारद आहे. आभासी जगातलं सर्वांत महत्त्वाचं बांधकाम माझ्या मते चाओ फेइचं ‘आरएमबी सिटी’, आणि ते तुमच्या सिद्धान्तात कुठेच बसत नाही. चाओ फेइ १९७८ ची, ग्वांगझूची. सेकंड लाइफमध्ये तिचं नाव चायना ट्रेसी. आरएमबी म्हणजे चिनी चलन. २००९ ते २०११ हे शहर लोकांसाठी खुलं होतं. एका बेटावर काय काय : ऑलिंपिकचं बर्ड्स नेस्ट मैदान गंजायला लागलेलं, वास्तुकार कूलहासची सीसीटीव्ही (चीनची सरकारी दूरचित्रवाणी) इमारत क्रेनला टांगलेली, हवेत तरंगणारा पांडा, आणि जननायकांच्या स्मारकावर चक्क जत्रेतला आकाशपाळणा.

तिथे अवताराने काय करायचं? काही विशेष नाही. उडा, बघा. सगळा अर्थ खुणांमध्ये आहे. तियानानमेन चौकातलं ते स्मारक ज्याला ठाऊक नाही त्याला तो नुसता पाळणा. त्यामुळे इथे कलाकाराचं निवेदन हवंच, आणि तिचं निवेदन जोरदार आहे. समकालीन चिनी शहरांचा अर्क, स्वतःशीच भांडणारा, उपरोधाने आणि संशयाने भरलेला, तरीही भरपूर करमणूक करणारा, असं काहीसं तिने सुरुवातीलाच मांडलं होतं. बांधकामाच्या तपशिलाइतकंच मला हे ‘तरीही’ महत्त्वाचं वाटतं. सरळ टीका असती तर शहर दोन मिनिटांत कळून संपलं असतं.

पैशाचा भागही कामाचाच भाग होता. संग्राहकांनी आणि संस्थांनी तिथल्या इमारती घेतल्या. पहिला महापौर झाला उली सिग, चीनमध्ये स्वित्झर्लंडचा राजदूत राहिलेला आणि चिनी समकालीन कलेचा मोठा संग्राहक. चलनाच्या नावाचं शहर, आणि त्यात आभासी भूखंडांची विक्री. बिल्डरांच्या माहितीपुस्तिका रोज हाताळणाऱ्या माझ्यासारख्याला यात जो आनंद मिळाला तो शब्दांत सांगता येणार नाही.


निळी_शाई :

वीटभट्टी, चांगलं कोपऱ्यात पकडलंत. आरएमबी सिटीला नुसतं ‘उडू नका’ टाइप कार्ड पुरलं नसतं, हे खरं. पण तुम्हीच म्हणालात तो विक्रीचा भाग बघा. इमारत विकत घेणं, महापौर होणं, हे लोकांनी केलेलं आहे. फक्त ते करणारे तुमच्याआमच्यासारखे भटके नव्हते, संग्राहक होते. त्या शहरात प्रेक्षकांच्या दोन जाती होत्या, आणि हे मला त्या पांड्यापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

चाओ फेइचंच ‘आय.मिरर’ मला अधिक जवळचं. २००७ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात चिनी दालनात होतं. चायना ट्रेसीला सेकंड लाइफमध्ये एक देखणा तरुण भेटतो, ओळख वाढते, मागचा माणूस निघतो साठी उलटलेला. पण तिला फसवणूक झाल्यासारखं काही वाटत नाही, उलट गप्पा खोल जातात.


बे_एरियाची_मावशी :

आपण सगळे ‘कसं पाहायचं’ यावर बोलतोय. ‘कुणाबद्दल’ यावरही कलाकाराचं सांगणं लागतं. टामिको थील आणि झारा हूशमंद यांचं ‘बियाँड मँझनार’, साल २०००. मँझनार ही इथे कॅलिफोर्नियात, सिएराच्या पूर्वेला ओवेन्स खोऱ्यात असलेली छावणी. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरदार सोडायला लावून अशा छावण्यांत डांबलं, त्यातले बहुतांश अमेरिकन नागरिक होते. एकट्या मँझनारमध्ये दहा हजारांवर.

या त्रिमित जगात तुम्ही जॉयस्टिकने फिरता. बराकी, काटेरी तार, पलीकडे डोंगर. आणि मध्येच इराणी धाटणीची बाग लागते. इराण कुठून आलं? कलाकारांनी सांगितलं नसतं तर मला सात जन्मांत कळलं नसतं. थीलच्या घरी जपानी मुळं, हूशमंदच्या घरी इराणी. १९७९ मध्ये तेहरानला अमेरिकी वकिलातीतल्या लोकांना ओलीस धरलं तेव्हा इथल्या इराण्यांनाही असंच छावणीत टाका अशी भाषा झाली. आणि मँझनारचा उजाड प्रदेश, मागचे बर्फाळ डोंगर, हूशमंदला इराणच्या भूप्रदेशासारखे वाटले. उजाडात भिंत घालून बाग करणं ही इराणी परंपरा, आणि मँझनारच्या कैद्यांनीही छावणीत बागा केल्या होत्या. दोन्ही टोकं इथे जुळतात. त्या जगात बाग फार वेळ बाग राहत नाही, एवढंच सांगते.

हे कळल्यावर मी मुलीला घेऊन खऱ्या मँझनारला गेले. पार्किंगमधून उतरल्यावर वाऱ्याने डोळ्यांत धूळ गेली. संगणकावर ती नव्हती. तरीही बागेचे दगड ओळखीचे वाटले.


मुक्काम_मॉन्ट्रियल :

मावशी, सुंदर. याच अंगाने स्कावेनाती. मोहॉक या मूलनिवासी समाजातली, मॉन्ट्रियलचीच. सेकंड लाइफमध्ये तिच्या गटाचं ॲबटेक आयलंड आहे, आणि तिथेच चित्रित केलेली ‘टाइमट्रॅव्हलर’ ही मालिका (२००८ ते २०१३). बाविसाव्या शतकातला एक मोहॉक तरुण मागे येऊन इतिहास पाहतो, १९९० चा ओका इथला मोहॉकांचा जमिनीसाठीचा संघर्ष, १९६९ मध्ये मूलनिवासींनी घेतलेला अल्काट्राझ बेटाचा ताबा वगैरे. ती स्वतः सांगते की मूलनिवासी माणसं कायम भूतकाळातच दाखवली जातात, मला ती भविष्यात हवी आहेत. एका वाक्यात काम संपलं. सेट बांधायला पैसे नव्हते, आभासी जगात गाव उभारता आलं, हा व्यावहारिक भागही ती लपवत नाही.


फुकट_फौजदार :

बरं, हळूहळू वितळतोय, पण पूर्ण नाही. हे सगळं आज जाऊन बघता येतं का? की इथे नुसत्या आठवणींची मैफल चालली आहे?


निळी_शाई :

हा दुखरा भाग आहे. सिम भाड्याचा असतो. ज्या काळाबद्दल बोलतोय तेव्हा एका पूर्ण खाजगी रीजनचं भाडं महिन्याला २९५ डॉलर होतं. २०१० च्या शेवटी शिक्षणसंस्थांची सवलत बंद करायचा निर्णय झाला आणि कित्येक विद्यापीठं आपापली बेटं बंद करून गेली. सवलत २०१३ मध्ये परत आली, बेटं बहुतेक परत आली नाहीत. कलाकारांच्या योजनेत मुदत संपली की सिम रिकामा करून पुढच्याला द्यायचा, आणि २०१९ मध्ये योजनाच संपली. आरएमबी सिटी नाही. एएम रेडिओ या कलाकाराचं ‘द फार अवे’, तो प्रसिद्ध गव्हाचा माळ आणि त्यात थांबलेलं वाफेचं इंजिन, एके काळी सेकंड लाइफमधली सर्वांत जास्त फोटो काढली गेलेली जागा असेल, ती आज आहे की नाही ते खात्रीने सांगता येत नाही.

उरतं काय, तर युट्यूबवरची मशिनिमा (आभासी जगात चित्रित केलेल्या फिल्म), फ्लिकरवरचे फोटो आणि माझ्या इन्व्हेंटरीतली (तिथल्या माझ्या सामानाच्या पोतडीतली) नोटकार्डं. म्हणून तर कलाकारांनी त्यात काय लिहिलं याचा मी एवढा काथ्याकूट करते आहे. ‘स्मृती आणि अवकाश यांचा शोध’ असं लिहिलेल्या कार्डावरून आज मला काहीही परत उभं करता येत नाही. ‘विहिरीत उतरा, तळाला पोचेपर्यंत वर बघू नका’ एवढं ज्याने लिहिलं, त्याची विहीर आजही जशीच्या तशी सांगता येते.


वीटभट्टी :

इथे मात्र पूर्ण सहमत. आमच्या धंद्यातही इमारत पडल्यावर आराखडा कामाला येतो, उद्घाटनाचं भाषण नाही.

जाता जाता एक भर. इव्हा आणि फ्रँको मॅटेस या जोडीने २००७ पासून सेकंड लाइफमध्ये जुने गाजलेले परफॉर्मन्स (कलाकाराने स्वतःच्या शरीराने करून दाखवलेल्या कृती) परत केले, ‘सिंथेटिक परफॉर्मन्सेस’ नावाने. ख्रिस बर्डनने स्वतःच्या दंडात गोळी मारून घेतलेली ती कृती, अब्रामोविच आणि उलाय या कलाकार जोडीचं दारात नग्न उभं राहणं. त्यांचं स्पष्टीकरण असं की आम्हाला परफॉर्मन्स आर्ट मुळीच आवडत नाही, ते का आवडत नाही हे समजून घ्यायला केलं. अवताराला गोळी लागली तर काय होणार? काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’वरच त्यांचं काम उभं आहे. मास्तरांचा मिठाचा आक्षेप त्यांना घेतलात तर ते म्हणतील, बरोबर, तेच तर दाखवायचं होतं.

त्यांनी जर्मन कलाकार जोसेफ बॉइसची ७००० ओकची झाडंही तिथे लावायला घेतली. कासेलमध्ये १९८२ साली सुरू झालेलं मूळ काम, प्रत्येक झाडाशेजारी बसाल्टचा दगड. तिथली झाडं वाढतात, दगड तेवढाच राहतो, त्यामुळे वर्षागणिक दोघांचं प्रमाण बदलतं. सेकंड लाइफमध्ये दोन्ही तेवढेच.


निवृत्त_मास्तर :

वीटभट्टी, हा शेवटचा तपशील फार आवडला. पण मग एक विचारतो. न वाढणारं झाड लावून मॅटेस दाम्पत्याने बॉइसची थट्टा केली, की आभासी जगाची?


वीटभट्टी :

सर, मला वाटतं दोघांचीही नाही. लोकांना आपापल्या जमिनीवर झाड आणि दगड लावायचं आवाहन होतं, आणि तिथे जमिनीवर किती वस्तू ठेवता येतात यावर मर्यादा असते. म्हणजे झाड लावायचं तर घरातलं दुसरं काहीतरी काढायचं. वाढ नाही, पण त्याग आहे.


निवृत्त_मास्तर :

हे पटलं. आता मला तिथे जायला काय लागेल ते सांगा. संगणक मुलाचा जुना आहे.


निळी_शाई :

मास्तर, खातं फुकट आहे. लिंडनचा व्ह्युअर (ते जग दाखवणारा प्रोग्रॅम) घ्या किंवा फायरस्टॉर्म, बहुतेक जुने रहिवासी फायरस्टॉर्मच वापरतात. ग्राफिक्स ‘लो’वर ठेवा, ड्रॉ डिस्टन्स (किती दूरचं दिसावं ते) ९६ मीटर, सावल्या बंद, नाहीतर पंखा कोकलत राहील. हेडफोन मात्र लावाच. पहिल्या दिवशी दारांवर आपटाल, खुर्चीऐवजी टेबलावर बसाल, ते सगळ्यांचं होतं. ब्रिन ओचं काही सध्या चालू असेल तर तिच्या ब्लॉगवर उतरण्याचा पत्ता असतो, तिथून सुरुवात करू. शनिवारी रात्री नऊला मी असते, अवताराचं नाव व्यनि करते.


कोपरखळी :

मीही येतो. भजन मी म्हणीन, मास्तर चालतील.